एका अक्षराचा फेर, प्रथिनाचा तोल आणि आनुवंशिक आजार

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा शब्दबद्ध मजकूर)



‘आनुवंशिक आजार’ हे दोन शब्द डॉक्टरांच्या तोंडून बाहेर पडताच घरात क्षणभर निःशब्दता पसरते. त्यानंतर बहुधा दोन प्रश्न उमटतात. ‘रक्तातच आहे, तर आता उपाय तो काय?’ हा पहिला, आणि ‘हे कोणाच्या घराण्यातून आले?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाने प्रयत्न खुंटतात. दुसऱ्याने माणसे दुखावतात, आणि त्यातही बोट उठते ते बहुतेक वेळा आईकडे. हे दोन्ही प्रश्न ज्या समजुतीतून निर्माण होतात ती समजूत अपुरी आहे. जनुकातील बदल शरीरात नेमके काय घडवितो हे एकदा ध्यानी आले, की उपायही दिसू लागतो आणि दोषारोपही निरर्थक ठरतो. प्रस्तुत विवेचनाचा हेतू तेवढाच आहे. त्यासाठी जगात सुमारे ४० ते ५० कोटी लोकांच्या ठायी आढळणारी, भारतातही दुर्मीळ नसलेली आणि तरीही घरोघरी फारशी परिचित नसलेली एक स्थिती उदाहरणादाखल घेतली आहे. वैद्यक तिला ‘जी-६-पीडी न्यूनता’ म्हणते.

जनुकाची लिपी आणि प्रथिनाची घडी

मानवी पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचा अतिदीर्घ रेणू असतो. त्यातील मजकूर अवघ्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असून त्याची लांबी सुमारे ३०० कोटी अक्षरे भरते. या मजकुराचे जे विशिष्ट परिच्छेद प्रथिने कशी घडवावीत हे सांगतात, ती जनुके. मनुष्यात अशी सुमारे २०,००० जनुके आहेत. जनुकातील दर तीन अक्षरांचा संच एका अमिनो आम्लाचे नाव सांगतो आणि त्या क्रमाने अमिनो आम्ले एकामागून एक ओवली जाऊन प्रथिनाची साखळी तयार होते.

मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ या दोन शब्दांत केवळ वेलांटीचा फरक आहे. परंतु एकाचा अर्थ दिवस, तर दुसऱ्याचा गरीब. जनुकातही एखादे अक्षर बदलले तर त्या जागी ओवले जाणारे अमिनो आम्ल बदलू शकते. अशा बदलास उत्परिवर्तन म्हणतात. मात्र शब्दाचा अर्थ वाचताक्षणी बदलतो. प्रथिनाचे तसे होत नाही. तेथे अक्षर आणि परिणाम यांच्यामध्ये आणखी एक पायरी असते, आणि आजाराचे मर्म बहुधा त्या पायरीवर दडलेले असते.

ती पायरी म्हणजे प्रथिनाची घडी. साखळी तयार झाली म्हणजे प्रथिन कामास लागले असे नाही. लग्नप्रसंगी बांधला जाणारा फेटा डोळ्यांसमोर आणावा. मुळात तो लांबलचक कापडाचा एक पट्टा; त्याला टाका नाही, टाचणी नाही. वेढे योग्य त्या क्रमाने, योग्य त्या ताणाने बसले म्हणजे त्याला आकार येतो आणि तो डोक्यावर टिकतो. प्रथिनाची साखळीही अशीच स्वतःभोवती वळत जाऊन विशिष्ट आकार धारण करते. पाण्याशी न पटणारी, तेलकट स्वभावाची अमिनो आम्ले आत दडतात, पाण्याशी जुळवून घेणारी बाहेरच्या अंगास राहतात, आणि असंख्य दुर्बळ बंध ती घडी सावरून धरतात. या घडीची सूचना साखळीतील अमिनो आम्लांच्या क्रमातच असते, हे अमेरिकन शास्त्रज्ञ ख्रिश्चन अ‍ॅनफिन्सन यांनी दाखवून दिले. त्या कार्याबद्दल १९७२ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. प्रथिनाच्या घडीला सावरणारे बंध शेकडो असले, तरी ती उलगडण्याकडे ओढणाऱ्या शक्तीही जवळजवळ तितक्याच प्रबळ असतात. जमेच्या बाजूची आणि नावेची बेरीज मांडली तर शिल्लक अगदी थोडी उरते. त्या थोड्या शिलकीवर प्रथिनाचे स्थैर्य अवलंबून असते. म्हणूनच एका अमिनो आम्लाच्या बदलाने संपूर्ण तोल ढळू शकतो. आतल्या अरुंद जागी लहान अमिनो आम्लाऐवजी मोठे येऊन बसले, अथवा ऋण विद्युत्‌भाराच्या जागी धन भार आला, की शेजारचे बंध सैल होतात आणि घडी सुटू लागते.

उत्परिवर्तनाचे परिणाम स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात. काही बदल प्रथिनाच्या कामाच्या जागीच होतात. घडी शाबूत राहते, पण काम मंदावते. काही बदलांमुळे घडी अस्थिर होते. पेशीत सदोष प्रथिने हेरून त्यांचे तुकडे करणारी चोख व्यवस्था असते. ती अशा प्रथिनाला मोडीत काढते आणि परिणामी त्याचा तुटवडा पडतो. तिसऱ्या प्रकारात सुटलेल्या साखळ्या परस्परांना चिकटून त्यांचे गोळे साचतात आणि अवयवांना इजा होते. यांपैकी दुसरा प्रकार फार मोठ्या संख्येने आढळतो. येथे प्रथिनाला काम येत नसते असे नाही. ते टिकत नाही, एवढेच. ‘येत नाही’ आणि ‘टिकत नाही’ यांतील भेद वरकरणी सूक्ष्म वाटला, तरी रुग्णाच्या दृष्टीने तो अत्यंत महत्त्वाचा आहे.

तांबड्या रक्तपेशीची शिदोरी

शरीरातील बहुतेक पेशींना एखादे प्रथिन कमी पडले तर त्या नवे घडवू शकतात, कारण जनुकांचा मजकूर त्यांच्याजवळ असतो. तांबडी रक्तपेशी याला अपवाद आहे. अस्थिमज्जेतून बाहेर पडण्यापूर्वीच ती आपले केंद्रक टाकून देते आणि लवकरच प्रथिने घडविण्याची यंत्रणाही गमावते. प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला अधिकाधिक जागा मिळावी म्हणून निसर्गाने केलेली ही योजना. परंतु त्यामुळे सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात तिला जन्मवेळच्या शिदोरीवरच गुजराण करावी लागते. वाटेत नवे काही मिळत नाही.

या शिदोरीतील एक मोलाची वस्तू म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज नावाचे विकर, म्हणजेच एंझाइम. त्याचे संक्षिप्त नाव जी-६-पीडी. प्राणवायूच्या सततच्या सहवासामुळे रक्तपेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक द्रव्ये निर्माण होतात. त्यांचा निचरा ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू करतो. तो खर्ची पडला की त्याला पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी जे इंधन लागते, ते तांबड्या रक्तपेशीत केवळ जी-६-पीडीच्या कार्यामुळेच उपलब्ध होते. इतर पेशींना पर्यायी मार्ग असतात. तांबड्या पेशीला नाही. विकर अपुरे पडले की दाहक द्रव्ये हिमोग्लोबिनवर आघात करतात, त्याच्या गुठळ्या होऊन पेशीच्या आवरणाला चिकटतात, आवरण ताठर होते आणि पेशी रक्तातच फुटते किंवा प्लीहेत नष्ट केली जाते. एकाच वेळी असंख्य पेशी नष्ट झाल्या की अंग पांढरे पडते, डोळे पिवळे होतात आणि लघवी काळ्या चहासारखी गडद होते.

एका औषधाने घातलेले कोडे

ही न्यूनता उजेडात आली ती हिवतापावरील एका औषधामुळे. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत प्रायमाक्विन या औषधाचे प्रयोग चालू होते. इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगातील कैदी त्यांत सहभागी झाले होते. कैद्यांवर केलेल्या अशा प्रयोगांच्या नैतिकतेबद्दल पुढे गंभीर प्रश्न उपस्थित झाले, हे येथे नमूद करणे उचित होय. औषध घेतलेल्यांपैकी काही कृष्णवर्णीयांच्या तांबड्या पेशी झपाट्याने नष्ट होऊ लागल्या, इतरांना मात्र काहीच झाले नाही.

दोष औषधात की रक्तात? संशोधकांनी किरणोत्सारी क्रोमियमची खूण केलेल्या पेशी एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात भरल्या. संवेदनशील व्यक्तीच्या पेशी निरोगी माणसाच्या शरीरातही औषधाने नष्ट झाल्या. निरोगी माणसाच्या पेशी मात्र संवेदनशील व्यक्तीच्या शरीरात सुरक्षित राहिल्या. दोष पेशीतच होता, हे सिद्ध झाले. १९५६ साली कार्सन, आल्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दोष जी-६-पीडीच्या कमतरतेत असल्याचे दाखविले.

तरीही एक कोडे उरले होते. औषध तसेच चालू ठेवले तरी काही काळाने या व्यक्तींचा रक्तक्षय आपोआप सावरत असे. औषध तेच, माणूस तोच; मग पेशी नष्ट होणे थांबले कसे? उत्तर पेशीच्या वयात सापडले. नष्ट होत होत्या त्या वयस्क पेशी. त्यांच्या जागी अस्थिमज्जेने पाठविलेल्या तरुण पेशी तोच मारा सहन करीत होत्या.

१९६८ साली पिओमेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वयाचे गणित आकड्यांत मांडले. सामान्य माणसाच्या तांबड्या पेशीतील जी-६-पीडी निम्मे होण्यास सुमारे ६२ दिवस लागतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या न्यूनतेच्या प्रकारात ते सुमारे १३ दिवसांतच निम्मे होते. म्हणजे सामान्य पेशीत आयुष्याच्या अखेरीसही जवळजवळ चतुर्थांश विकर शिल्लक असते. उलट अस्थिर प्रकारात २६ दिवसांत चौथा हिस्सा, ५२ दिवसांत सोळावा हिस्सा आणि पुढे नाममात्रच उरते. भूमध्यसागरी प्रदेशातील प्रकारात तर ही घसरण दिवसांत नव्हे, तासांत मोजावी लागते. शिदोरी घरून बांधून दिलेली असते. ती वाटेतच विटते. ‘प्रथिनाचे अस्थैर्य’ या शास्त्रीय शब्दप्रयोगाचा व्यवहारातील अर्थ हाच होय.

भारतभूमीवरील तीन रूपे

जी-६-पीडीची साखळी ५१५ अमिनो आम्लांची आहे. तिचे जनुक एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ असते. अशा दोन साखळ्या एकत्र आल्या की विकर कार्यक्षम होते. २००० साली मानवी जी-६-पीडीची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा एक मनोवेधक गोष्ट समोर आली. एनएडीपी नावाचा एक सहायक रेणू विकराच्या कामाच्या जागेपासून दूर, दोन साखळ्यांच्या सांध्याजवळ बसलेला आढळला. विकराची घडी सावरणे हे त्याचे काम. त्या परिसरात अमिनो आम्ल बदलले की घडी फारच दुर्बळ होते आणि कोणतेही औषध घेतले नसतानाही रक्तपेशी आयुष्यभर नष्ट होत राहतात. सुदैवाने असे तीव्र प्रकार विरळा आहेत.

भारतात प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात. पहिला ‘मेडिटरेनियन’. यात जनुकातील ५६३ व्या स्थानी एक अक्षर बदलते आणि १८८ व्या जागी सेरीन या लहान अमिनो आम्लाऐवजी फेनिलअ‍ॅलनिन हे अवजड, तेलकट अमिनो आम्ल येते. घडी विस्कटते आणि विकराची कार्यशक्ती बहुधा दहा टक्क्यांच्याही खाली जाते. मुंबईतील पारशी समाजात या न्यूनतेचे प्रमाण लक्षणीय असल्याचे १९६० च्या दशकाच्या आरंभीच संशोधकांनी नोंदविले होते.

दुसऱ्या प्रकाराचे नाव महाराष्ट्राशी निगडित आहे. १९८४ साली ईश्वाद आणि नाईक या संशोधकांनी एका कोळी कुटुंबात आढळलेल्या नव्या प्रकाराचे वर्णन ‘जी-६-पीडी कल्याण’ या नावाने केले. पुढे १९९२ साली असे दिसून आले, की ‘कल्याण’ आणि त्यापूर्वी वर्णिलेला ‘केरळ’ हे दोन्ही एकाच बदलाने घडलेले आहेत. ३१७ व्या जागी ऋण भाराच्या ग्लुटामिक आम्लाऐवजी धन भाराचे लायसीन येते. तेव्हापासून या प्रकारास ‘केरळ-कल्याण’ असे संयुक्त नाव मिळाले.

तिसरा प्रकार ‘ओरिसा’. १९९५ साली आदिवासी समाजांच्या अभ्यासातून तो पुढे आला. येथे ४४ व्या जागी अ‍ॅलनिनऐवजी ग्लायसीन येते. सहायक रेणू ज्या ठिकाणी येऊन कामाला लागतो, त्या ठिकाणाजवळ हा बदल असल्याने विकराला तो रेणू धरून ठेवणे कठीण जाते. तेवढेच काम होण्यासाठी त्याची मात्रा पाचपट लागते. वर सांगितलेल्या तीन परिणामांपैकी पहिल्याचे हे उदाहरण होय. एकाच जनुकातील निरनिराळे बदल निरनिराळ्या वाटांनी एकाच न्यूनतेपर्यंत कसे पोहोचतात, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मुंबईत परळ येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील प्रतिरक्षारक्तशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील बहुसंख्य न्यूनताग्रस्तांत हेच तीन प्रकार आढळले, आणि त्यांत मेडिटरेनियन सर्वाधिक होता.

इतके घातक बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे, असा प्रश्न साहजिकच पडतो. ही न्यूनता जेथे विपुल आढळते, ते प्रदेश आणि जेथे हिवतापाने शतकानुशतके थैमान घातले ते प्रदेश बहुतांशी एकच आहेत. न्यूनता असलेल्या तांबड्या पेशीत हिवतापाच्या परजीवीला नीट वाढता येत नाही. ज्या बदलाने काही संततीस क्वचित कावीळ झाली, त्यानेच पूर्वजांपैकी अनेकांना जीवघेण्या तापातून तारले असावे. एखाद्या घराण्याच्या रक्तातील हे वैशिष्ट्य कलंक मानण्यापूर्वी एवढा इतिहास ध्यानी घेणे न्याय्य ठरेल.

मातेकडे बोट का दाखवू नये

जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने वारशाचा नियम सरळ आहे. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडून मिळते, वडिलांकडून वाय. म्हणून मुलातील न्यूनता आईच्या एक्स गुणसूत्रातून येते, पित्याकडून पुत्रास कधीच येत नाही. या वाक्याचा पूर्वार्धच लक्षात राहतो आणि दोष सुनेच्या माथी मारला जातो. परंतु आईजवळ दोन एक्स गुणसूत्रे असतात. एकात बदल असेल तर प्रत्येक मुलाच्या वेळी तो जाण्याची शक्यता निम्मी. कोणते गुणसूत्र जावे हे कोणीही ठरवीत नाही. शिवाय तिला ते तिच्या पित्याकडूनही मिळालेले असू शकते. न्यूनता असलेल्या पुरुषाच्या सर्व मुली या बदलाच्या वाहक होतात, मुलगा मात्र एकही बाधित होत नाही. तेव्हा घराण्याची रेषा शोधू जाता ती मातामहापर्यंत आणि त्याही मागे जाते. दोषी असा कोणी सापडत नाही.

वाहक स्त्रियांची स्थितीही समजून घेण्यासारखी आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निद्रिस्त होते, हा सिद्धान्त ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ साली मांडला. वाहक स्त्रीच्या रक्तात पुरेसे विकर असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन प्रकारच्या तांबड्या पेशी एकत्र नांदतात, हे अर्नेस्ट बॉयट्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली जी-६-पीडीच्याच आधारे दाखविले. हे प्रमाण प्रत्येकीत निराळे असते. म्हणून काही वाहक स्त्रियांनाही औषधांचा त्रास होऊ शकतो. ‘हा पुरुषांचाच आजार’ असे म्हणून त्यांची चाचणी टाळणे योग्य नव्हे.

ही न्यूनता विवाहास अडसर नाही, हेही निःसंदिग्धपणे सांगावयास हवे. न्यूनता असलेली बहुसंख्य माणसे आयुष्यभर निरोगी असतात. थॅलॅसेमियाचा नियम निराळा आहे. तेथे पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात अपत्याला तीव्र आजार होण्याची शक्यता चतुर्थांश असते. म्हणून विवाहापूर्वी अथवा निदान गरोदरपणाच्या आरंभी चाचणी करून घेणे अगत्याचे ठरते. दोन आजारांचे नियम एकमेकांत मिसळून कोणाचा ठरलेला विवाह मोडू नये.

घरात आणि दवाखान्यात

अस्थिर प्रथिन तोल सांभाळून असते, तोवर माणूस निरोगी असतो. एखादा अतिरिक्त भार पडला म्हणजेच तोल जातो. वारसा बदलता येत नाही, भार मात्र टाळता येतो.

पहिला भार औषधांचा. व्हायवॅक्स हिवताप पुन्हा उलटू नये म्हणून देण्यात येणारे प्रायमाक्विन, कुष्ठरोगावरील डॅप्सोन, काही कर्करुग्णांना दिले जाणारे रासब्युरिकेज आणि मिथिलीन ब्ल्यू ही त्यांतील प्रमुख नावे. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले टॅफेनोक्विन हे हिवतापावरील औषध शरीरात दीर्घकाळ राहते. म्हणून ते देण्यापूर्वी या विकराची मोजणी आवश्यक ठरविली आहे. न्यूनता असलेल्या रुग्णास प्रायमाक्विन देणे गरजेचेच असेल, तर रोजच्या चौदा दिवसांच्या मात्रेऐवजी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, वैद्यकीय देखरेखीखाली देण्याचा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेने सुचविला आहे. दोन मात्रांमधील अवकाशात वृद्ध पेशींची जागा तरुण पेशी घेतात, हे त्यामागील तत्त्व. अर्थात हा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा. कोणतेही औषध आपल्या मनाने घेऊ अथवा बंद करू नये.

दुसरा भार घरातला आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित. कपाटात आणि ट्रंकेत ठेवलेल्या डांबरगोळ्यांतील नॅफ्थलिन न्यूनता असलेल्या अर्भकाच्या रक्तपेशींवर तीव्र आघात करते. मोठ्या भावंडाची झबली, दुपटी, लोकरीची टोपडी वर्षानुवर्षे या गोळ्यांत जपून ठेवावयाची आणि बाळ जन्मताच काढून त्याला घालावयाची, ही अनेक घरांतील मायेची रीत. मायेत खोट नाही, पण गोळी घातक आहे. नुसते ऊन दाखविण्यावर भिस्त ठेवू नये. बाळाच्या कपड्यांत ती मुळातच ठेवू नये. न्यूनता असलेल्या तान्ह्या बाळाच्या त्वचेवर मेंदी लावल्यानेही रक्तपेशी नष्ट झाल्याच्या नोंदी आहेत.

तिसरा भार आहाराचा. भूमध्यसागरी देशांत आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या आणि उत्तर भारतात बाकला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फावा शेंगांतील विशिष्ट द्रव्ये या व्यक्तींना बाधतात. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातील वाल आणि पावटा या निराळ्या जातीच्या वनस्पती आहेत; नावाच्या गोंधळाने सगळीच कडधान्ये वर्ज्य करण्याचे कारण नाही. याशिवाय तीव्र जंतुसंसर्ग हाही एक भार आहे. न्यूनता असलेल्याचा ताप अंगावर काढू नये.

नवजात बालकाची कावीळ हा सर्वांत नाजूक प्रसंग. बहुतेक बाळांची कावीळ सौम्य असते. परंतु जी-६-पीडी न्यूनता असल्यास ती वेगाने वाढून मेंदूला कायमची इजा करू शकते. वेळीच प्रकाशोपचार आणि गरज पडल्यास रक्तबदल केल्याने ही इजा टाळता येते. कोवळ्या उन्हात बाळाला धरून दोन दिवस वाट पाहणे हा उपचाराला पर्याय नव्हे. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर ही चाचणी होऊ शकते; प्रसूतीच्या वेळी तिच्याविषयी अवश्य विचारावे.

चाचणीच्या वेळेबाबत एक सूचना महत्त्वाची. रक्तपेशी नष्ट होण्याचा झटका येऊन गेल्यावर लगेच तपासणी केली तर अहवाल कित्येकदा सामान्य येतो. कारण विकर संपलेल्या वृद्ध पेशी नाहीशा झालेल्या असतात आणि मोजल्या जातात त्या शिदोरी ताजी असलेल्या तरुण पेशी. अशा वेळी सुमारे तीन महिन्यांनी फेरतपासणी करावी. न्यूनता निश्चित झाल्यास तशी चिठ्ठी रुग्णाच्या कागदपत्रांत आणि पाकिटात कायम असावी. आरोग्यशिबिरे भरविणाऱ्या संस्थांनी गरोदर स्त्रियांसाठी याविषयी छोटी मराठी पत्रिका काढली, तर अल्प खर्चात फार मोठे काम होईल.

घडी सावरणारी औषधे

आजार प्रथिनाच्या अस्थैर्यात आहे हे उमगल्यावर औषधशास्त्रापुढे एक नवी वाट खुली झाली. जनुक बदलता येत नसेल, तर सैल झालेल्या घडीला आधार द्यावा, ही ती वाट. फुप्फुसे आणि पचनसंस्था यांना ग्रासणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिस या आजाराचे जनुक १९८९ साली सापडले. त्यातील सर्वांत परिचित बदलात तीन अक्षरे गळतात, ५०८ व्या जागचे एकच अमिनो आम्ल नाहीसे होते आणि घडी न जमलेले प्रथिन पेशी मोडीत काढते. त्या घडीला आधार देणारी द्रव्ये असलेले तीन औषधांचे संयुक्त उपचार २०१९ साली अमेरिकेत मान्य झाले आणि असंख्य रुग्णांचे जीवन पालटले. ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रथिनाचे चार घटक विलग होऊन मज्जातंतूंत वा हृदयात साचतात, त्या आजारावर टॅफामिडिस हे औषध त्या चौघांना एकत्र बांधून ठेवते. आणि जी-६-पीडीच्या बाबतीतही, २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी विकराच्या दोन साखळ्यांची जोडी घट्ट करणारा एक छोटा रेणू प्रयोगशाळेत शोधल्याचे जाहीर केले. प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतची वाट लांब असते, पण दिशा योग्य आहे.

असे औषध हाती येईपर्यंत जी-६-पीडी न्यूनतेपुरते तरी सर्वांत खात्रीचे साधन माहिती हेच आहे. बाळाची वेळेवर केलेली चाचणी, डॉक्टरांना आवर्जून दाखविलेली चिठ्ठी आणि कपाटातून काढून टाकलेल्या डांबरगोळ्या, एवढ्या तीन गोष्टींनी या न्यूनतेचे बहुतेक झटके टळू शकतात. त्यासाठी कोणाच्याही घराण्याची उलटतपासणी करावी लागत नाही.